कापसाच्या गाडीवर नेचा

नेचा म्हणजे काय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला हसायचं की माझी कीव करायची हे वाचणाऱ्याचं त्याला ठरवता येईल. जुन्या विहिरीच्या कपारीत, ओढ्याकाठच्या ओल्या दगडांवर, जिथं ऊन पोचत नाही अशा जागी कातरल्यासारखी हिरवी पानं लोंबत असतात, तो नेचा. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही. पान उलटं केलं की पाठीवर तपकिरी ठिपके नाहीतर रेघा दिसतात, आणि त्यांत धुळीइतकं बारीक बी असतं. एक जात दुसरीपासून ओळखायची ती या ठिपक्यांवरून. ते झडले की हातात राहतो तो नुसता पाला.

मी पुण्याच्या एका बागेत या पाल्याची निगराणी करतो. लोक गुलाब पाहायला येतात आणि माझ्या कोपऱ्यावरून नाकाला पदर लावून पुढे जातात, कारण तिथं कायम ओल असते. ही विद्या मला दिली तात्यासाहेबांनी. ते तरुणपणी पलटणीच्या दवाखान्यात होते आणि वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या छावणीत असताना रिकाम्या वेळी गाविलगडाच्या दऱ्या धुंडाळत. तिथं त्यांना एक नेचा सापडला. पान जिभेसारखं लांब, अखंड, आणि पाठीवरच्या रेघा जोडीजोडीनं, तोंडाला तोंड लावून बसलेल्या. त्यांनी पान आणलं, वाळवलं, आणि दोन पावसाळ्यांत कसरीनं ते खाऊन टाकलं. मुंबईच्या जाणकार साहेबांनी मान हलवली. वऱ्हाडासारख्या कोरड्या मुलखात असली जात होणे नाही, या माणसाची काहीतरी गफलत झाली असावी, असं ते म्हणाले, तेही गोड शब्दांत. तात्यासाहेबांना शिव्या चालल्या असत्या, तो गोडवा मात्र जन्मभर सलत राहिला.

आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी आपट्याचं पान डोळ्यांशी नेऊन, पुन्हा लांब धरून पाहिलं. मग म्हणाले, "गोविंदा, भिंगातून अजून दिसतं. सकाळच्या उन्हात, घटकाभर. फार दिवस दिसेल असं वाटत नाही."

मी त्याच आठवड्यात निघालो.

अकोला आणि पुढे

आगगाडी तेव्हा वऱ्हाडाच्या उंबरठ्यापर्यंतच आली होती. पुढे बैलगाडी. आणि बैलगाडी म्हणाल तर ती मिळेना. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेला तिकडचा कापूस जाईना, म्हणून सगळं जग वऱ्हाडाच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी गाड्यांची रांग लागलेली आणि प्रत्येक गाडीवाल्याचं उत्तर एकच. कापूस असेल तर बोला. मी म्हटलं, मी आणि एक पत्र्याची पेटी. एकानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचं वजन किती भरन, महाराज? तेवढ्यात माझा एक बोजा बसते."

शेवटी सरकी नेणाऱ्या एका गाडीवर जागा मिळाली. अमरावतीत पोचलो तेव्हा डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरा झालो होतो. तिथं हवेतच कापूस तरंगत होता. धर्मशाळेत कापूस, देवळाच्या ओसरीवर कापूस, आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. आमच्याकडे लग्नातल्या वराला जे मिळत नाही ते तिकडे बैलाला मिळत होतं. एक गोष्ट मात्र ध्यानात राहिली. त्या अख्ख्या बाजारात कुणी चिलीम पेटवत नव्हतं. ठिणगीची धास्ती सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती.

गाविलगडाखाली

डोंगराचं फार लांबवत नाही. तात्यासाहेबांनी सांगितलं होतं, किल्ल्याच्या खालच्या अंगाला कड्यावरून पाणी गळतं, त्याच्या आतल्या बाजूला बघ. वाट दाखवायला एक कोरकू गृहस्थ आले. ते फार कमी बोलत, आणि बोलले की वाघाबद्दल बोलत. एका घळीत त्यांनी मला बखोटीला धरून थांबवलं आणि मऊ मातीतला ताजा ठसा दाखवला. मी परत फिरू या म्हणालो असतो, पण तेवढ्यात कड्याच्या पोटात, काळ्या ओल्या दगडावर, मला ती हिरवी जीभ दिसली.

एकच गड्डा होता. आजूबाजूला पुष्कळ शोधलं, दुसरा नाही. तात्यासाहेबांचा नेम असा, की एकच गड्डा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, पिकलेली पानं तेवढी घ्यायची. मी तीन पानं खुडली. पालथी करून पाहिली. रेघा जोडीनं होत्या, तोंडाला तोंड लावून. तो माणूस सगळा जन्म खरं बोलत होता.

नेच्याचं पान वाळवायचं म्हणजे दोन फळ्यांमध्ये कागदांचे थर, थरांमध्ये पान, आणि वरून दोरीनं करकचून बांधायचं. कागद ओल शोषून घेतात, म्हणून ते रोज बदलावे लागतात. एक दिवस चुकला की बुरशी. हे मी एवढ्यासाठी सांगतो, की पुढे माझा जीव या कागदांपायी टांगणीला लागला.

चांदूर बाजारापुढचं एक गाव

परतताना चांदूर बाजारात नथ्थूजी भेटले. तिथं भाव पटला नाही म्हणून आपला खालच्या शेतातला कापूस ते अमरावतीला नेत होते, वाटेत त्यांचं गाव होतं, तिथं रात्र काढून पुढे जायचं होतं. काळ्या जमिनीचे धनी, बोलायला फटकळ, पण कापसाच्या बोज्यांवर त्यांनी मला आणि माझ्या फळ्यांना ऐसपैस जागा करून दिली. "मऊ हाये, पडून जा," म्हणाले. पुण्याच्या पाहुण्याला असा आदर पुण्यात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात चांगलं ऊन आलं म्हणून मी फळ्या सोडल्या आणि पानं उन्हात पालथी मांडली. नथ्थूजींची बायको सारजाबाई सूप घेऊन जात होती. ती थांबली, वाकली, आणि सूप तिच्या हातातच राहिलं.

"महाराज, तुमच्या पानाले कीड लागली हाये."

मी हसलो. म्हटलं, कीड नव्हे, बी आहे ते.

"पानाच्या पाठीवर बी? फूल नाई, फय नाई, अन् पाठीवर बी?" तिनं नवऱ्याला हाक मारली. नथ्थूजी आले. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग अंगणातल्या भरल्या गाडीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या फळ्या कालचा सगळा दिवस त्यांच्या कापसावर पडून आल्या होत्या. आणि घरामागच्या वरच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे तिकडची कपाशी, बोंडं फुटून उभी होती. तिची वेचणी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. पऱ्हाटीच्या माणसानं पान हातात घेतलं की तो आधी ते उलटं करतो आणि पाठीवर ठिपके शोधतो, कारण त्याचं वर्षभराचं सुख आणि दुःख तिथंच लिहिलेलं असतं. मीही जन्मभर तेच करत आलो. फरक एवढाच, की ठिपके दिसले की मला आनंद होतो.

"जायून टाका," नथ्थूजी म्हणाले. तिकडे 'ळ'चा 'य' होतो; पानं जाळून टाका म्हणत होते.

मी म्हटलं, थांबा, आत्ता दाखवतो. खिशातलं भिंग काढलं आणि ऐटीत त्यांच्या हातात दिलं. कीड असेल तर चालेल, वळवळेल. हे बी आहे, जागचं हलणार नाही. तुम्हीच बघा. शेजारपाजारचे लोक एव्हाना कुंपणाशी जमले होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी हे बोललो.

नथ्थूजींनी भिंग डोळ्याला लावलं. मग त्यांनी ते सारजाबाईच्या हातात दिलं. तिनं पाहिलं.

"हालून राह्यले," ती म्हणाली.

मी भिंग ओढून घेतलं, पाहिलं, आणि मला घाम फुटला. ओलसर पानावर कडक ऊन पडलं की त्या रेघांमधल्या बीजाच्या इवल्या पुड्या सुकून उलतात, मागं वाकतात, आणि झटक्यानं पुढे येऊन धूळ उडवतात. हजारोंच्या संख्येनं उडवतात. भिंगाखाली पाहिलं तर सगळी रेघ उकळल्यागत उसळताना दिसते. नेच्याच्या विद्येत याहून देखणं काही नाही, आणि ते या घडीला, या अंगणात सुरू झालं होतं. मला हे ठाऊक होतं. पण शहाणपण मिरवण्याच्या भरात माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

"हे जिवंत नाही," मी म्हणालो, "पण हलतं."

कुंपणावरून एक म्हातारा म्हणाला, "अन् आमी काय खुये हाओत?"

मग सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणे गाडी वेशीबाहेर काढा, कुणी म्हणे महाराजालेच बाहेर काढा. एकजण गोवरीवर निखारा घेऊन आला आणि भरल्या गाडीजवळ विस्तव आणला म्हणून त्याच्यावर सगळे ओरडले, तेवढाच मला श्वास घ्यायला वेळ मिळाला. मी पानं फळ्यांत घातली, फळ्या छातीशी धरल्या आणि तात्यासाहेबांची सगळी हकिगत तिथंच सांगितली, डोळ्यांची आणि त्या गोड बोलणाऱ्या साहेबांचीही. सांगता सांगता माझा आवाज फुटला. मला त्याची लाज वाटली नाही. मी घाबरलो होतो, आणि ती तीन पानं जळाली तर पुण्याला कोणत्या तोंडानं जाऊ हे मला कळत नव्हतं.

नथ्थूजी विरघळले नाहीत. "तुमच्या गुरूचे डोये गेले तं मले वाईट वाटते. पण माझं वावर गेलं तं माह्या घरी कोन रडन?"

सारजाबाई इतका वेळ भिंग हातात फिरवत होती. ती म्हणाली, "जायलं तं कयणारच नाई."

"काय?"

"कीड असन तं ते आपल्या कापसाले कालच लागली. पानं जायून काय होते? मंग आपन गाडी अमरावतीले न्यायची का नाई, उद्या वावरात पाय ठेवायचा का नाई, हे कोन सांगन?" तिनं माझ्याकडे हात पुढे केला. "एक पान द्या."

घरापासून दूर, विहिरीच्या कडेला, पाटाच्या पाण्यावर आपोआप उगवलेलं पऱ्हाटीचं एक झाड होतं. तिथं माझं एक पान ठिपक्यांची बाजू खाली करून बांधायचं आणि आठ दिवस वाट पाहायची. झाडाला काही झालं, तर उरलेली दोन पानं आणि माझ्या फळ्या विस्तवात. नाही झालं, तर मी मोकळा. मी म्हटलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, "आमालेई नाई. वर पाहा." वर ढग येत होते. कार्तिकातला पाऊस फुटल्या बोंडांवर पडला की कापूस डागतो. माझ्यापायी तिची वेचणी अडली होती आणि तिच्यापायी माझी वाट.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पळून जावं असं एकदा मनात आलं. सारजाबाईला ते न सांगताच उमगलं. पाणी शेंदता शेंदता ती म्हणाली, "जाचं असन तं जा, महाराज. पण अमरावतीपर्यंत समद्या गावाईत पऱ्हाटी हाये, अन् गाड्या तुमच्या पुढं गेल्या हायेत." खरंच होतं. ठिपक्यांच्या पानांचा महाराज एव्हाना बाजारापर्यंत पोचला असणार.

कागद बदलायचे तर गोठ्यामागं, तिच्या डोळ्यांदेखत. बदललेले कागद ती तिथंच, कापसापासून लांब, जाळायची आणि जागा शेणानं सारवायची. कागद असे संपत चालले. हवा कोंदट, आणि दोनांपैकी एका पानाच्या कडेला पांढरी लव दिसली. बुरशी. मी ते पान उचललं, पुसलं, फुंकलं, पण मला कळत होतं की ते गेलं. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो. सारजाबाई आत गेली आणि एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घेऊन आली. टराटरा फाडलं आणि म्हणाली, "कागदावानी लावा. चुलीच्या भिताडावर वायवून देतो मी रोज." कागदाहून ते बरं ठरलं. सोवळ्यापायी स्वयंपाक मी वेगळ्या चुलीवर करत होतो आणि रोज भात करपवत होतो. त्या दिवशी तिची ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी मागून खाल्ली. पुण्यात हे कुणी कुणाला सांगू नये.

नथ्थूजी माझ्याशी बोलत नव्हते. सकाळ-संध्याकाळ विहिरीवर जाऊन ते झाड पाहायचं आणि परत येऊन आभाळ पाहायचं, एवढंच त्यांचं काम. एका दुपारी भुरभुर पाऊस पडून गेला. वरचं वावर कुडाआडून पांढरं दिसत होतं. ते खांबाला धरून बघत उभे राहिले आणि मला माझ्या फळ्यांची शरम वाटली.

शेवटच्या सकाळी त्यांनी विहिरीवरून हाक मारली. आवाजावरून मला कळलं. धावत गेलो. पऱ्हाटीच्या दोन पानांना भोकं पडली होती, माझ्या पानाच्या अगदी लगत.

"पाहा," नथ्थूजी म्हणाले. वळले आणि घराकडे चालू लागले. फळ्या घरात होत्या, आणि चूल पेटलेली होती. मी त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिलो. माझ्या अंगात किती जोर, आणि त्यांच्या किती, हे त्यांच्या मनगटाकडे पाहूनच कळत होतं. तरी उभा राहिलो.

"थांबा ना जी," मागून सारजाबाईचा आवाज आला.

ती झाडापाशी उकिडवी बसली होती. एकेक पान उलटून पाहत होती, घाई न करता. खालच्या फांदीशी तिचा हात थांबला, मग चिमटीत हिरवागार नाकतोडा घेऊन ती उठली. "हा. कडंकडंनं कुरतडलं हाये, हे पाहा. नेहमीचाच चोर." मग तिनं माझं सुकलेलं पान सोडवलं, दोन्ही बाजूंनी निरखलं, आणि ज्या पऱ्हाटीच्या पानावर ते बांधलं होतं तेही निरखलं. त्यावर नुसती तपकिरी धूळ होती. तिनं ती बोटानं पुसली आणि पाटाच्या पाण्यात हात धुतला. खाली पान साफ होतं. "यानंबी तुमच्या पाल्याले तोंड लावलं नाई, महाराज. नाकतोडाबी नाई खात ते."

नथ्थूजी उभ्या उभ्या हसू लागले. मी मात्र तिथंच पाटाच्या कडेला बसकण मारली.

त्याच सकाळी त्यांनी वावरात सीतादही केलं. वेचणीच्या आधी तिकडे बायका पऱ्हाटीखाली दगड मांडून, हळदकुंकू वाहून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मगच पहिलं बोंड खुडतात. मला लांबच उभं राहावं लागेल असं वाटलं होतं. सारजाबाई म्हणाली, "या, तुमचं पानबी आना. पाया पडून जाऊ द्या त्याले." मी फळ्या घेऊन वावरात गेलो. डागलेली बोंडं थोडी होती, बाकी कापूस शुभ्र होता. दुपारी गाडी जुंपली आणि फळ्या पुन्हा त्याच बोज्यांवर चढल्या. या खेपेला नथ्थूजींनी स्वतः ठेवल्या.

पुणे

तात्यासाहेबांच्या सुनेनं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि बाजूला झाली. तेवढ्यानं मला समजलं.

ते ओसरीवर उन्हाकडे तोंड करून बसले होते. "गोविंदा ना? चालीवरून ओळखलं. उजेड कळतो अजून. बाकी मिटलं, गेल्या अमावस्येच्या सुमारास."

गेली अमावस्या म्हणजे मी गोठ्यामागं लुगड्याच्या घड्या बदलत होतो ते दिवस. मी त्यांच्यापुढे बसलो आणि मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, मग हात पुढे केला. मी पान हातावर ठेवलं. सांगावं लागलं नाही, त्यांनी ते आपणहून पालथं केलं आणि बोट फिरवलं.

"हे जाळीसारखं काय लागतंय?"

"लुगड्याची वीण आहे. पानावर उमटली."

मग सगळं सांगितलं. हालून राह्यले, हे सारजाबाईच्या आवाजात सांगितलं तेव्हा ते इतके हसले की सून बाहेर डोकावून गेली. हसू ओसरल्यावर त्यांनी अंगठ्याचं नख पानाच्या देठापाशी टेकवलं आणि हळूहळू टोकाकडे नेऊ लागले.

"एक," ते म्हणाले. "आणि ही लागून दुसरी. तोंडाला तोंड." नख पुढे सरकलं. "पुन्हा एक. पुन्हा दुसरी." असं टोकापर्यंत गेले, आणि परत देठाशी आले.

"मुंबईला दाखवून येऊ?" मी विचारलं.

"दाखव. आधी मला पुरतं बघू दे."

ते पुन्हा देठापासून सुरू झाले. मधेच थांबले. "पुड्या मोकळ्या आहेत रे. बी कुठं सांडलं?"

"थोडं लुगड्यात. बाकीचं सारजाबाईच्या विहिरीपाशी, पाटाच्या पाण्यात."

"विहीर दगडानं बांधलेली आहे?"

"आहे."

"ओल असते?"

"मोट चालू असली की दगड दिवसभर भिजतात. आत ऊन जात नाही."

तात्यासाहेबांचं बोट पानावरच होतं.

"मग त्या बाईला निरोप धाड," ते म्हणाले. "म्हणावं, विहिरीच्या दगडात असलं पान दिसलं, तर कीड म्हणून खरवडू नकोस."